कोश-तेरेक नाक्यावरचा ससाणा

२ मार्च
यंत्र आलं! राजधानीहून जीपने, काळ्या पेटीत, स्पंजच्या खोबणीत झोपवून. भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलएवढं. कागदाची पट्टी दांडीला लावायची, माणसाच्या हातांवरून नाहीतर मालावरून फिरवायची आणि यंत्राच्या तोंडात द्यायची. स्फोटक असो, अमली माल असो, विषारी रसायन असो, ते वासावरून ओळखतं. हिरवा दिवा म्हणजे जा बाबा. लाल म्हणजे थांब.

सीमेवरच्या या अख्ख्या नाक्यावर ट्रेनिंग झालेला माणूस एकच. मी, कॅप्टन इरिसबेक. (ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतर जरा डोळा लागला होता. पण ते लेक्चर स्वच्छतेवर होतं. हात धुवायला मला आईने शिकवलंय.)

मी यंत्राचं नाव ठेवलं: ससाणा. मेजर तुर्दाली म्हणाले, नाव ठेवायला ते काय कोकरू आहे? हा माणूस मेजर म्हणूनच निवृत्त होणार.

आतली बातमी: मे महिन्यात राजधानीहून तपासणी कमिशन येणार. यंत्राने काम दाखवलं तर नवा तांत्रिक विभाग उघडणार आणि त्याला प्रमुख लागणार. राजधानीत. फ्लॅटसकट. मेडिकल बोर्ड तेवढं पास व्हायचं. ती काळजी नाही. मी ठणठणीत आहे.

३ मार्च
ससाणा एक रात्र घरी आणला होता, ओळख व्हावी म्हणून. माझी बायको बुबुसारा लगेच धुपाटणं घेऊन आली. म्हणाली, अहो, नवी वस्तू आहे, धुरी देते, कुणाची दृष्ट लागायला नको. मी म्हटलं, हे विज्ञान आहे, याला दृष्ट लागत नाही. ती म्हणाली, मग तुम्हाला देते. आणि मला दिली. युनिफॉर्मसकट.

५ मार्च
नाक्यावर पालवान नावाचा एक कुत्रा आहे. स्फोटकं हुंगायला शिकवलेला. म्हातारा, जाडा, सॉसेजवर जगणारा. त्याला सांभाळते सार्जंट झुमराद. मुलगी चांगली आहे, पण भविष्य नाही बिचारीला. ससाणा आल्यावर कुत्रा हवाय कशाला?

कुत्र्याला मात्र हे समजलेलं दिसतंय. रोज सकाळी मी समोर आलो की आधी छातीपाशी हुंगतो आणि मग गपकन खाली बसतो. अगदी ताठ. झुमराद त्याला ओढते, रागावते. म्हणते, आका (दादा म्हणायची आमच्याकडची रीत), माफ करा, म्हातारपणी याला कुठेही बसायची खोड लागलीय. मी म्हटलं, असू दे. जनावरालाही वरिष्ठ कळतो.

९ मार्च
पहिला दिवस. एकूण हिरवे: सगळे.
ससाण्याचा दोष नाही. स्मगलर घाबरून घरी बसलेत. बातमी पसरली असणार.

१२ मार्च
सगळे हिरवे. मेजर म्हणाले, वा, तुझ्या यंत्राला हिरवा रंग फार आवडतो.
दुर्लक्ष केलं.

२२ मार्च
काल नवरोज, वर्षाचा पहिला दिवस. सासुरवाडीला मेंढा होता. मानाची शेपटीची चरबी मेव्हण्याने स्वतःच्या हाताने भरवली, नाही कसं म्हणणार? आज टेकडीवरच्या बराकीपर्यंत चढताना छातीत दाटून आलं, डाव्या हाताला मुंग्या. गॅस. शंभर टक्के गॅस.

गावातला कंपाउंडर मुरातअली याच्याकडे पुन्हा गेलो. गेल्या महिन्यात असंच झालं तेव्हा त्याने काचेच्या छोट्या नळीतल्या गोळ्या दिल्या होत्या; एकही न घेता त्या तेव्हापासून खिशातच आहेत. आज त्याने पुन्हा बजावलं, दाटून आलं की एक जिभेखाली ठेवायची. वर म्हणाला, आका, तालुक्याला जाऊन छातीचा आलेख काढून घ्या, थट्टा नाही ही. मी म्हटलं, मे महिन्यानंतर. मेडिकल बोर्डाला असल्या आलेखाचा वास जरी लागला तरी फ्लॅट गेला. मुरातअलीला गॅसमधलं काय कळतं!

नळीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं. बुबुसाराची नजर घारीची आहे. नळी परत छातीवरच्या डाव्या खिशात.

संकल्प: उद्यापासून चरबी बंद.

२६ मार्च
विजय! विजय! विजय!
आजची तारीख पाठ करून ठेवावी.

सकाळी मेजरशी बाचाबाची. (त्यांनी ससाण्याच्या पेटीवर मटण भरलेला गरम समसा ठेवला होता. तेलाचा डाग पडला.) छातीत दाटलं. नळीतून गोळी काढली, जिभेखाली ठेवली, गेटवर गेलो. पलीकडून मुळ्यांचा ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, मी रीतीप्रमाणे दोन्ही हातांत त्याचे हात घेऊन घरच्यांची, जनावरांची खुशाली विचारली. मग नियमाप्रमाणे नवे हातमोजे चढवले. (हातमोजे घालून हात मिळवायला मी काय रशियन डॉक्टर आहे?) पट्टी फिरवली.

लाल!

यंत्राच्या पडद्यावर हे लांबलचक नाव, नायट्रो अमुकतमुक. दिवा लाल म्हटल्यावर नाव वाचत बसायला वेळ कुणाला असतो? ट्रक रिकामा केला. मुळे होते. मुळ्यांखालीही मुळे होते. माल वाटेत उतरवला असणार. ड्रायव्हर म्हणत होता, आका, मी शेतातनं सरळ इकडं आलोय, आईशप्पथ. सगळे असंच म्हणतात.

दुपारपर्यंत अजून चार लाल. डोकं फार ठणकतंय. एवढ्या जबाबदारीने कुणाचंही ठणकेल.

२७ मार्च
सगळे हिरवे. कालच्या धाडीने टोळीचं कंबरडं मोडलं.

४ एप्रिल
महिनाभराच्या अभ्यासातून निष्कर्ष निघतोय. लिहून ठेवतो, पुढे कुणी स्वतःच्या नावावर खपवायला नको.
एक. स्फोटकांची वाहतूक रोज होत नाही, मधूनमधून होते.
दोन. नेमकी ज्या दिवशी माझी तब्येत नरम असते त्या दिवशी होते. म्हणजे नाक्यावर यांचा हेर आहे. तो माझा चेहरा बघून पलीकडे निरोप देतो.
तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. टोळीत फक्त पुरुष आहेत. आजवर एकही बाई लाल निघालेली नाही. परक्या बायकांशी आपण हात मिळवत नाही, छातीवर हात ठेवून मान तुकवतो. तरी मुद्दाम पट्टी बायकांच्याही हातांवरून फिरवली. सगळ्या स्वच्छ.

हेर म्हणून संशय मेजरवर. समसा उगाच ठेवला नव्हता.

११ एप्रिल
आज एक नवरदेव पकडला.

वरात पलीकडे मुलीकडे निघालेली, सहा गाड्या, फुगे, पुढच्या गाडीवर बाहुली. पहाटे बुबुसाराशी वाद झाल्यामुळे एक गोळी घेतलेली. (तिला स्वप्न पडलं की मी नदीत बुडतोय. म्हणे, अहो, आज जाऊ नका.) मी नवरदेवाचे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं, तोंडभर आशीर्वाद दिला, मग हातमोजे घातले आणि पट्टी फिरवली. लाल. त्याचा बाप, लाल. काका लोक, एकजात लाल. करवल्या हिरव्या.

नवरदेवाचे बूट, टोपी, कोट, सगळं तपासलं. खिशात दृष्ट लागू नये म्हणून आईने दिलेला लसूण आणि सुकी मिरची निघाली. पलीकडून मुलीकडचे फोनवर फोन करत होते की आमच्यात असला उशीर म्हणजे मुलाला मुलगी पसंत नाही असा अर्थ होतो. नवरदेवाची आजी गाडीतून उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, अरे कॅप्टना, तुझ्या लग्नात तुला कुणी असं चड्डीवर उभं केलं होतं का रे? चाळीस माणसं हसली. पालवानसुद्धा माझ्यासमोर येऊन बसला. निदान त्याने तरी मान राखला.

शेवटी मेजरने स्वतःच्या अधिकारात वरात सोडली. हे मी लक्षात ठेवलंय.

१९ एप्रिल
नवी पद्धत उघडकीला आणली: स्फोटक नान!

एक नानवाला टोपलीभर ताजे नान घेऊन आला. आग्रह केला. पुढे केलेल्या नानला नाही म्हणत नाहीत, म्हणून प्रत्येक थरातला एकेक तुकडा मोडून खाल्ला. (सकाळी चढ चढल्यावर एक गोळी झाली होती.) मग सहज म्हणून पट्टी नानांवर फिरवली. लाल, लाल, लाल! टोपली जप्त. रिपोर्ट लिहिला, सहा पानी, शीर्षक: 'पिठातून येणारा धोका'.

रिपोर्ट घेऊन गेलो तर पुरावा नाही. मेजर आणि दोन शिपायांनी चहाबरोबर अर्धी टोपली संपवलेली. मी ओरडलो, स्फोटक आहे ते! मेजर म्हणाले, जरा करपलेत, पण स्फोटक नाहीत.
संध्याकाळपर्यंत कुणालाही काही झालं नाही. म्हणजे स्फोटक उशिरा फुटणारं असणार.

२ मे
कमिशन ठरलं. २० तारखेला. कर्नल आब्दिरासुलोव स्वतः येणार, बरोबर तांत्रिक केंद्रातल्या इंजिनियर आइजामाल. आधी कुत्रा, मग ससाणा, अशी दोघांची परीक्षा. हरेल तो नाक्यावरून जाईल.

झुमराद रडवेली झाली होती. म्हणाली, आका, याला नेलं तर कुठं ठेवतील? म्हाताऱ्या कुत्र्याला कोण घेतं? मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, राजधानीत गेल्यावर बघतो, फ्लॅटला गॅलरी असली तर. ती म्हणाली, आका, तो तुमच्यासमोर रोज बसतो, तुमचं ऐकेल. मी म्हटलं, अर्थात.

संकल्प: कमिशनपर्यंत चरबी, समसा आणि मेजर, तिन्ही बंद.

१० मे
गेले पाच दिवस छान झोप, छाती मोकळी, एकही गोळी नाही. पण ससाणाही मुका. सगळे हिरवे. कमिशनसमोर असंच झालं तर? पेटी उघडून बराच वेळ समजावलं त्याला. झुमरादने बघितलं. बघू दे.

बुबुसारा राजधानीला यायला तयार नाही. म्हणते, आका-बाका, कॅप्टन-बिप्टन काही नको, तुम्ही जिना चढताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघता, तिथे बघण्यासारखं काहीही नाही. मी म्हटलं, निसर्ग आहे. ती म्हणाली, भिंत आहे.

१९ मे
उद्या. बूट तीनदा पॉलिश केले. भाषण पाठ. फ्लॅटला पडदे निळे घ्यायचे की पिवळे, यावर बुबुसारा बोलत नाही. पिवळे.

छातीत धडधड. उत्साह. एक गोळी. अजून एक.

२१ मे, तालुक्याचं हॉस्पिटल
काल काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण लोक आता वाट्टेल ते सांगत सुटतील.

सकाळी मंडप, गालिचे, कढईत पुलाव. छातीत काहूर, म्हणून एक गोळी. कर्नल आले. धिप्पाड, छातीवर पदकं. मी दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यांच्या अधिकाऱ्यांशी, ड्रायव्हरशी, आचाऱ्याशी, सगळ्यांशी हात मिळवले. कुणाला वगळून अपमान करायचा नव्हता. आइजामाल बाई असल्याने त्यांना लांबूनच मान तुकवली. चष्मेवाल्या, तरुण, फारशा न हसणाऱ्या.

परीक्षा अशी: पाच बॅगा, एकीत सरावाच्या स्फोटकाचा तुकडा. पालवानला सोडलं. तो एकाही बॅगेकडे न बघता सरळ माझ्याकडे आला, छाती हुंगली आणि बसला. झुमरादने ओढून पाहिलं. उठेना. कर्नल म्हणाले, कुत्रा कामातनं गेलाय. झुमरादने मान खाली घातली. मला तिच्याकडे बघवेना. पण विज्ञान निष्ठुर असतं.

मग मी. पहिलीच पट्टी बरोबर त्या बॅगेवर, लाल! टाळ्या! मेजरनेसुद्धा वाजवल्या. इथे थांबलो असतो तर आज मी तांत्रिक विभागाचा प्रमुख असतो.

पण कर्नल रंगात आले. नॅपकिन कॉलरमध्ये खोचलेला, पुलावावर बसायच्या तयारीत. हात पुढे करून म्हणाले, कॅप्टन, कायदा सगळ्यांना सारखा, आमचीही होऊन जाऊ दे.
लाल.
सगळे हसले. मी पुन्हा पट्टी घेतली. लाल. ड्रायव्हरची घेतली. लाल. आचारी. लाल. पुलावाचा झारा. लाल! आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, त्या नानांसारखंच हे! आणि मी सगळी ताकद लावून ओरडलो, पुलावात बॉम्ब आहे!

पुढचं फार पटापट झालं. शिपायांनी कर्नलना सिमेंटच्या कठड्यामागे आडवं केलं. कढई कलंडली. सीमेच्या पलीकडचे पहारेकरीसुद्धा जमिनीवर झोपले, का ते विचारायला कुणी थांबलं नाही. मी ससाणा छातीशी धरून मोकळ्या जागेकडे धावलो. त्याला वाचवायचं होतं. वीसेक पावलांत छातीवर कुणीतरी कढई ठेवल्यासारखं झालं. गुडघे टेकले, नळी काढली, गोळी जिभेखाली ठेवली. मान वर केली तर समोर पालवान. ताठ बसलेला. त्याच्यामागे आइजामाल. आडव्या न झालेल्या त्या एकट्याच.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग नळीकडे. म्हणाल्या, कॅप्टन, ही गोळी कसली? मी म्हटलं, गॅसची. त्यांनी ससाण्याचा पडदा वळवून ते लांबलचक नाव मोठ्याने वाचलं: नायट्रोग्लिसरीन. म्हणाल्या, याचा सुरुंग होतो आणि हार्टची गोळीही होते. कुत्रा तुमच्या खिशाला बसतोय. यंत्र तुमच्या हातांना वाजतंय, आणि तुम्ही ज्यांचे ज्यांचे हात धरलेत त्यांना. ट्रेनिंगमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हेच तर सांगितलं होतं.

मी म्हटलं, तरीही गॅसच असेल.

कठड्यामागून कर्नलचं डोकं वर आलं, कपाळाला भात चिकटलेला. म्हणाले, अरे गाढवा, या नाक्यावर बॉम्ब एकच होता आणि तो आज फुटणार होता. उचला याला, माझ्या गाडीत घाला.

मेजर तुर्दालींनी मला उचललं. एकट्याने. वाटभर ते शिव्या देत होते आणि माझं डोकं मांडीवर धरून बसले होते. हेर ते नसावेत.

२३ मे
आलेख काढला. गॅस नाही.
डॉक्टर म्हणाले, अजून एक महिना गेला असता तर तुम्ही चालत आला नसतात. मी म्हटलं, आताही चालत आलो नाही, कर्नलच्या गाडीतून आलो. ते हसले नाहीत.

नोकरीतून वैद्यकीय कारणाने मोकळा. फ्लॅट नाही, पडदे नाहीत. पालवान नाक्यावरच राहणार. त्याने तीन महिने रोज बरोबर उत्तर दिलं असं आइजामालने लेखी कळवलंय. ससाणा झुमरादच्या ताब्यात. तिला ट्रेनिंगला पाठवतायत. मी निरोप धाडला: दुसऱ्या दिवशी दुपारी जागी राहा.

त्या मुळ्यांच्या ट्रकवाल्याला भेटायला हवं. नवरदेवालाही. त्याच्या आजीला नको.

२४ मे
बुबुसारा सकाळपासून होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार. नळी, लेबल, नदीचं स्वप्न, खिडकी, सगळं निघणार. पण नर्सने दिलेली गोळी मी जिभेखाली ठेवली आणि तिने माझा हात धरला. असा कधी धरला होता आठवत नाही. दुपारपर्यंत सोडला नाही. मला भीती वाटत होती, ती मी तिला सांगितली. ती म्हणाली, अहो, मला मार्चपासून वाटतेय.

मग माझे बूट आणि चहाची वाटी आणायला ती इथून परस्पर टॅक्सीने नाक्यावर गेली.

संध्याकाळी झुमरादचा फोन. हसताहसता तिला बोलता येत नव्हतं. म्हणाली, आका, बुबुसारा आपांच्या हातावरून सहज पट्टी फिरवली, नियम म्हणून. लाल! नाक्यावरची पहिली बाई! पालवानपण बसला! काय करू, अटक करू का?

मी म्हटलं, सोडून दे. आणि तिला सांग, परत येताना हात धुऊ नकोस.